पाठीखालची टोचणी: मिक्को निस्कानेन यांचा १९६६ चा विद्यार्थी-चित्रपट कसा पाहावा

मिक्को निस्कानेन यांचा १९६६ चा ‘कॅप्यू सेलॅन आल्ला’ हा फिनिश चित्रपट तुम्ही पाहिलात. विद्यार्थ्यांचे जीवन, प्रेम आणि राजकीय जागृती यांचा चित्रपट अशी त्याची ओळख तुम्हांला करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात तुम्हांला दिसले ते सुट्टीत रानात तंबू ठोकून राहिलेले दोन मुलगे आणि दोन मुली, त्यांचे प्रेम, त्यांचे रुसवे आणि त्यांच्यातला मत्सर. तुम्ही मोर्चाची, सभेची, निदान एका मोठ्या भाषणाची वाट पाहत राहिलात आणि चित्रपट संपला. यात राजकारण नेमके कोठे आहे, आणि ते जाणवले नाही तर उणीव चित्रपटाची की प्रेक्षकाची, असे तुम्ही विचारता. चित्रपट-रसग्रहणाचे वर्ग मी अनेक वर्षे घेत आले आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला वारंवार विचारला गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

उणीव दोघांचीही नाही. हा चित्रपट राजकीय जागृती झाल्यानंतरचा नाही. जागे होण्याच्या अगोदर माणूस कूस बदलतो, त्याला काहीतरी टोचत असते पण काय टोचते ते उमगलेले नसते, त्या घटकेचा हा चित्रपट आहे. त्याचे नावच हे सांगते. ‘कॅप्यू’ म्हणजे पाइन किंवा तत्सम सूचिपर्णी झाडाचे खवल्याखवल्यांचे बोंड, ‘सेलॅन आल्ला’ म्हणजे पाठीखाली. रानात, उन्हात, प्रिय माणसाशेजारी अंग टाकावे आणि नेमके पाठीखाली एक बोंड यावे, एवढाच त्या नावाचा अर्थ. चित्रपटाला इंग्रजीत ‘अंडर युअर स्किन’ असे नाव दिले गेले आणि त्या भाषांतरात ते बोंडही गेले आणि ती रानाची जमीनही गेली. मराठीत मात्र आपल्याकडे ‘टोचणी’ हा नेमका शब्द आहे, जो काट्यालाही लागतो आणि मनालाही लागतो. चित्रपटातले सारे राजकारण या टोचणीत आहे, असे माझे मत आहे.

हे पटण्यासाठी त्या तरुणांच्या पाठीखालची जमीन कोणती, हे आधी समजून घ्यावे लागते. फिनलंडमध्ये रान, तळी आणि माळ यांवर सर्वांना वावरण्याचा जुना हक्क आहे. जमीन दुसऱ्याच्या मालकीची असली तरी कोणीही तिच्यावरून चालत जाऊ शकतो, बोरवर्गीय फळे आणि अळिंबी गोळा करू शकतो, घरादारापासून अंतर राखून थोड्या दिवसांसाठी तंबू ठोकू शकतो. उघड्यावर विस्तव पेटवायचा असेल तर मात्र जमीनमालकाची परवानगी लागते. त्यामुळे शहरातून आलेल्या चौघांचे असे रानात राहणे म्हणजे घुसखोरी नव्हे आणि चैनही नव्हे, ती तेथल्या उन्हाळ्याची सर्वसामान्य रीत आहे. मात्र ती जमीन कोणाची तरी आहे आणि तिच्यावर कोणीतरी राबत आहे, ही जाणीव त्या रीतीच्या पोटातच आहे. शेतकऱ्याच्या रानात झोपलेला विद्यार्थी हा पाहुणा असतो, मालक नसतो आणि मजूरही नसतो. १९६० च्या दशकात फिनलंड अतिशय वेगाने खेड्यांकडून शहरांकडे आणि पुढे स्वीडनमधील कारखान्यांकडे सरकत होते. त्या काळी विद्यापीठात शिकणाऱ्या अनेकांच्या घरचे पाय अजून मातीत होते, आणि डोक्यावर पांढरी टोपी आली होती.

ही पांढरी टोपी समजून घेतल्याशिवाय विद्यार्थी या शब्दाचे तेथील वजन कळत नाही. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला फिनलंडमध्ये ‘युलिओप्पिलास’ म्हणतात आणि त्याला काळ्या झिलईच्या कडेची पांढरी टोपी मिळते. दरवर्षी ३० एप्रिलच्या संध्याकाळी हेलसिंकीच्या बाजारचौकाजवळील हाविस अमांदा या पुतळ्याच्या डोक्यावरही विद्यार्थी ती टोपी चढवतात. पूर्वी ही टोपी थोड्यांचीच होती आणि तिच्याबरोबर देशाच्या भावी नेतृत्वाचा मान येत असे. हेलसिंकी विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या १८७० च्या जुन्या इमारतीवर लॅटिनमध्ये कोरलेल्या ओळीचा आशय ‘मायभूमीने आपल्या आशेला दिलेले’ असा आहे. आपण देशाची आशा आहोत, हे वाक्य दगडात कोरलेले पाहत पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. युद्धानंतर फिनलंडमध्ये काही वर्षे दरवर्षी एक लाखाहून अधिक मुले जन्मली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर ती मोठी पिढी विद्यापीठांच्या दारात उभी राहिली. तांपेरे आणि युवॅस्क्युला येथील उच्चशिक्षण संस्थांना १९६६ मध्येच विद्यापीठाचा दर्जा मिळाला. टोपी घालणारे वाढले, तेव्हा ‘आशा’ म्हणजे नेमके कोण आणि कोणाची, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. चित्रपट तो प्रश्न शब्दांत विचारत नाही, पण त्यातील चौघे त्याच पिढीचे आहेत.

आता चित्रपट घडला कसा याकडे वळू, कारण येथे कारणे फार बोलकी आहेत. फिनलंडमधील जुनी स्टुडिओ-व्यवस्था या वेळी कोसळत होती. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली होती, ‘सुओमेन फिल्मितेओल्लिसूस’ ही मोठी चित्रसंस्था १९६५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि १९६३ ते १९६५ या काळात व्यावसायिक नटांच्या संघटनेने चित्रपटांत काम करण्यावर बहिष्कार घातला होता. जुने चेहरे पडद्यावरून गेले आणि त्यांच्या जागी अगदी तरुण, घडण पूर्ण न झालेले चेहरे आले. एरो मेलास्निएमी, क्रिस्तीना हाल्कोला, किर्स्ती वाल्लासवारा आणि पेक्का आउतियोवुओरी या चौघांचा अभिनय पाहताना तो जुन्या स्टुडिओ-चित्रपटांतील नाटकी संवादफेकीपेक्षा किती वेगळा आहे, हे अवश्य टिपा. वाक्य अर्धवट सोडणे, दुसऱ्याच्या बोलण्यात शिरणे, उत्तर न देता नुसते पाहणे, हे सारे तेव्हाच्या फिनिश प्रेक्षकाला नवे होते. आपली बोली पडद्यावर ऐकू येते आहे, हाच त्या तरुण प्रेक्षकांसाठी पहिला धक्का होता, आणि चित्रपटाला जी गर्दी झाली तिच्या मुळाशी बव्हंशी हेच होते, असे मला वाटते.

दोन व्यक्तींचा संगम येथे महत्त्वाचा आहे. पटकथा मार्या-लेना मिक्कोला यांची. त्या १९३९ च्या, म्हणजे पडद्यावरील मुलांपेक्षा थोड्याच मोठ्या, आणि त्या वर्तुळाची भाषा आतून जाणणाऱ्या. दिग्दर्शक निस्कानेन १९२९ चे, मध्य फिनलंडच्या ग्रामीण भागातून आलेले, मॉस्कोच्या चित्रपट-विद्यालयात शिकलेले आणि या चित्रपटाच्या वेळी सदतिशीला पोहोचलेले. शब्द आतल्या माणसाचे आणि नजर बाहेरच्या माणसाची, असा हा योग आहे. मुले बोलतात तेव्हा आपण त्यांच्याबरोबर असतो, पण कॅमेरा मात्र रानाच्या बाजूला उभा आहे, हे दुसऱ्यांदा पाहताना ध्यानात येते. या मुलांवर माया असलेला, पण त्यांच्या बुद्धिवादी बोलण्याने न भुललेला असा हा पाहणारा आहे. केवळ निस्कानेन यांनी लिहिले असते तर चित्रपट शहरी तरुणांवरची टीका झाला असता, आणि केवळ आतल्या माणसाने दिग्दर्शन केले असते तर कदाचित आत्मस्तुती झाला असता.

आता प्रेम. तुम्ही प्रेमाला राजकारणाच्या आड आलेली गोष्ट मानता, आणि माझा मतभेद नेमका येथे आहे. काय क्यूदेनिउस यांनी संगीत दिलेले आणि क्रिस्तीना हाल्कोला यांनी गायलेले या चित्रपटातील गाणे फिनलंडमध्ये आजही ओळखीचे आहे. त्याचे शीर्षक ‘प्रेमाचे गाणे’ असे नसून ‘प्रेम करण्याच्या कठीणपणाविषयीचे गाणे’ असे आहे. त्यातील ‘विषयी’ या शब्दावर थांबा. प्रेम ही भावना आहे म्हणून ती गाऊन मोकळे व्हावे, असे हे गाणे मानत नाही. ते प्रेमाकडे एक समस्या म्हणून, विचार करण्याजोगा विषय म्हणून पाहते. जी गोष्ट आजवर दैव, स्वभाव किंवा नशीब म्हणून सोडून दिली जात होती ती माणसांनी घडवलेली आहे आणि म्हणून बदलता येण्यासारखी आहे, असे पहिल्यांदा वाटणे, यालाच मी राजकीय जागृतीचा आरंभ म्हणते. फिनलंडमध्ये ‘युहदिस्तूस ९’ ही संघटना याच १९६६ साली स्थापन झाली आणि तिने स्त्री-पुरुषांच्या ठरलेल्या भूमिकांवर, घरकाम आणि अपत्यसंगोपन यांच्या वाटणीवर उघड चर्चा सुरू केली. म्हणून तंबूतील दृश्ये पाहताना मी विद्यार्थ्यांना असे विचारते: कोण कोणाची समजूत घालते आहे, मुक्त प्रेमाची तत्त्वे कोण सांगते आहे आणि त्यांची किंमत कोणाला मोजावी लागते आहे, स्वातंत्र्य हा शब्द मुलाच्या तोंडी आणि मुलीच्या तोंडी सारख्याच अर्थाने येतो का? ही उत्तरे शोधताना लक्षात येते की आपण ज्याला मत्सर म्हणून बाजूला टाकले होते, त्यात अधिकाराचा प्रश्न दडलेला आहे.

त्या काळच्या फिनलंडमध्ये शरीर आणि श्रद्धा यांविषयी काय लिहावे हासुद्धा न्यायालयाचा विषय होता, हेही सांगायला हवे. हान्नू सालामा यांची मध्य-उन्हाळ्याच्या सणातील नाचावरची कादंबरी १९६४ मध्ये आली, त्यातील एका पात्राच्या तोंडच्या शब्दांवरून ईशनिंदेचा खटला झाला, १९६६ मध्ये लेखकाला शिक्षा झाली आणि १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांनी माफी दिली. उन्हाळा, रान, नाच, तरुण देहांची जवळीक हा विषय निरागस नव्हता. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी अशाच एका उन्हाळी रात्रीवरच्या कादंबरीसाठी लेखक दोषी ठरत होता. तेव्हा पडद्यावर चार विद्यार्थी लग्नाविना एकत्र राहतात, यालाच केवढे सार्वजनिक वजन होते, ते आज जाणीवपूर्वक आठवावे लागते.

उघड राजकारण त्याच साली रंगभूमीवर आले होते. मार्च १९६६ मध्ये हेलसिंकीच्या विद्यार्थी नाट्यसंस्थेने आर्वो सालो यांची ‘लापुआलाइसओप्पेरा’, म्हणजे लापुआची संगीतिका, रंगमंचावर आणली. संगीत पुन्हा क्यूदेनिउस यांचे, दिग्दर्शन काल्ले होल्मबेरी यांचे. विषय होता १९२९ ते १९३२ या काळातील लापुआ चळवळीचा. विहतोरी कोसोला यांच्या नेतृत्वाखालील ही अतिउजवी, साम्यवादविरोधी चळवळ होती. तिने जुलै १९३० मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा हेलसिंकीवर नेला, त्याच वर्षी तिच्या माणसांनी माजी राष्ट्राध्यक्ष स्तोलबेरी यांचे अपहरण केले, आणि १९३२ च्या मांत्सॅलॅ येथील फसलेल्या बंडानंतर तिच्यावर बंदी आली. वडीलधाऱ्यांनी जे गिळून टाकले होते ते मुलांनी गाण्यांतून मोठ्याने म्हटले. त्याच मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत डाव्या पक्षांना संसदेत बहुमत मिळाले आणि रफाएल पासिओ यांच्या सरकारात १९४८ नंतर प्रथमच साम्यवाद्यांची आघाडी सामील झाली. हे सारे त्या तंबूच्या बाहेर चालले होते. निस्कानेन यांनी पुढच्याच वर्षी जो चित्रपट केला त्याच्या नावातच लापुआ आहे: ‘लापुआलाइसमोर्सिआन’, म्हणजे लापुआची नववधू. तुम्हांला उघड राजकारणाचीच ओढ असेल तर तो अवश्य पाहा. मला स्वतःला मात्र १९६६ चा चित्रपट अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण पुढील चार वर्षांच्या इतिहासात आहे.

२५ नोव्हेंबर १९६८ रोजी, विद्यार्थी संघाच्या शताब्दी सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी, विद्यार्थ्यांनी आपलीच जुनी इमारत ताब्यात घेतली. तीच, जिच्यावर ‘मायभूमीने आपल्या आशेला दिलेले’ असे कोरले आहे. पॅरिसमध्ये मे महिन्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या होत्या, आणि सोव्हिएत संघाशी १९४८ च्या मैत्रीकराराने बांधलेल्या फिनलंडमध्ये डावेपणाचा अर्थ पॅरिसपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी विद्यार्थी चळवळीतील बराच मोठा आणि गुणी भाग तैस्तो सिनिसालो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मॉस्कोनिष्ठ साम्यवादी अल्पमत गटाकडे झुकला. त्या सुमारास राजकीय गीतांची चळवळ उभी राहिली आणि तिचे सर्वांत गाजलेले गाणे १९७० चे: शब्द आउलिक्की ओक्सानेन यांचे, संगीत पुन्हा काय क्यूदेनिउस यांचे. त्याचे शीर्षक एक थेट प्रश्न आहे: ‘तू कोणाच्या फळीत उभा आहेस?’

ही दोन गाणी मी वर्गात नेहमी एकापाठोपाठ एक ऐकवते. संगीतकार एकच, अंतर अवघे चार वर्षांचे. पहिले गाणे कठीणपणाविषयी बोलते, तर दुसऱ्याला उत्तर हवे आहे आणि ते आताच्या आता हवे आहे. दुसरे गाणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. तो प्रश्न विचारण्याजोगा होता, आणि ज्यांनी तो विचारला त्यांनी व्हिएतनाम, चिली, घरभाडे, कारखान्यातील मजुरी यांवर मनापासून काम केले. स्वतः मिक्कोला यांनी १९७१ मध्ये कापडगिरण्यांतील जीवनावर गाणी आणि वर्णने यांचे पुस्तक केले, आणि गिरणीकामगारांच्या घरांतून आलेल्या कोणत्याही मराठी वाचकाला ती वाट परकी वाटणार नाही. परंतु फळी ठरली की शंका घ्यायला जागा उरत नाही. १९६६ च्या चित्रपटात ती जागा अजून शिल्लक आहे. त्यातील तरुणांना आपण चुकत आहोत हे कळते, पण कोणत्या सिद्धान्तानुसार चुकत आहोत हे अजून कोणी त्यांना सांगितलेले नाही. म्हणून ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, उत्तरासाठी पुस्तकाकडे धाव घेत नाहीत. राजकीय जागृतीवरच्या पुढील अनेक चित्रपटांत मला हे पाहणे सापडलेले नाही.

भाषेची एक गोष्ट तुमच्या हातून निसटली असणार, कारण तुम्ही इंग्रजी उपशीर्षकांवर चित्रपट पाहिला. फिनिश भाषेत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच ‘सिनॅ’ आणि ‘ते’ असा भेद आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकात हा भेद तेथे झपाट्याने ओसरला आणि अनोळखी, वडीलधारे, वरिष्ठ अशा सर्वांना ‘सिनॅ’ म्हणणे रूढ झाले. विद्यार्थी पिढीचा यात मोठा वाटा होता. आपल्याकडे ‘अहो-जाहो’ सोडून ‘अरे-तुरे’वर येणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून एक तरी प्रवेश उपशीर्षके झाकून, फक्त कान देऊन ऐका. कोण कोणाला कसे संबोधते, वडीलधारे माणूस समोर आले की मुलांचा सूर बदलतो का, हे शब्द न कळताही ऐकू येते. आणखी एक: फिनिशमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी एकच सर्वनाम आहे आणि क्रियापदालाही लिंग नाही. आपण हा चित्रपट मराठीत सांगू लागतो तेव्हा प्रत्येक वाक्यात ‘गेला’ की ‘गेली’ ते ठरवावे लागते, आणि मूळ वाक्यात नसलेली विभागणी आपण नकळत करतो. सारांश लिहून देताना मला ही अडचण दर वेळी येते आणि त्या अडचणीतूनच मी चित्रपटातील स्त्री-पुरुष संबंधांकडे अधिक बारकाईने पाहायला शिकले.

शेवटी पाहण्याच्या क्रमाविषयी, कारण तुमच्या मंडळात या दिग्दर्शकाचे तीन चित्रपट दाखवायचे घाटत आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिसरा म्हणून ‘काहदेक्सान सुर्मानलुओतिआ’ म्हणजे ‘आठ प्राणघातक गोळ्या’ ठेवा. १९६९ मध्ये पिहतिपुदास येथे एका अल्पभूधारक शेतकऱ्याने चार पोलिसांना गोळ्या घातल्या. त्या घटनेच्या आधारे निस्कानेन यांनी १९७२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी चार भागांची, पाच तासांहून मोठी कृती केली आणि त्या शेतकऱ्याची भूमिका स्वतः साकारली. चारही भाग एका बैठकीत दाखवू नका, दोन दिवसांत विभागा. ती पाहिल्यावर १९६६ च्या चित्रपटातील किमान पहिली वीस मिनिटे पुन्हा लावा. विद्यार्थी ज्या प्रकारच्या रानात उन्हाळा घालवतात त्याच प्रकारच्या रानात तो माणूस हिवाळाभर लाकूड ओढतो, गावठी दारू गाळतो आणि कर्जात बुडत जातो. एका चित्रपटात पार्श्वभूमी असलेली जमीन दुसऱ्यात मध्यभागी आली आहे. चर्चा सुरू करताना सभासदांना इतकेच विचारा की त्या वीस मिनिटांत तंबूच्या मागे, चौकटीच्या कडेला, त्यांना आता काय दिसले जे पहिल्या वेळी दिसले नव्हते. उत्तरे येऊ द्यायला पुरेसा वेळ ठेवा, आणि पहिले बोलणारे तुम्ही असू नका.